रामकुंडावरची वही आणि मुलांची गुपितं

नाशिकला रामकुंडावर यजमान टेकला की तीर्थोपाध्ये आधी दोनच गोष्टी विचारतात: आडनाव काय, मूळ गाव कोणतं? मग जुन्या लांबट वह्या उघडतात. पानं उलटता उलटता पणजोबांची सही सापडते, बरेचदा मोडीत. त्याखाली आजोबा, वडील. शेवटी नव्या पिढीची भर पडते. मुलांची नावं घरातला थोरला सांगतो, सहीही तोच करतो.

ही नामावळी म्हणजे घराण्यांच्या खासगी माहितीचा साठाच. पण त्याला धरबंध होता. कोणत्या मुलखाची, कोणत्या घराण्याची वही कोणाकडे, हे ठरलेलं; ती बापाकडून मुलाकडे जायची. माहिती देणारा मोठा, घेणारा ओळखीचा.

आता मुलं आपली गुपितं चॅटबॉटला सांगतात. यंत्राला मनातलं सांगण्याचा इतिहास या वह्यांच्या मानानं कालचा. १९६६ साली अमेरिकेच्या एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत टाकायचं, एवढीच त्याची करामत. तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीबाईंनीही, त्याच्याशी बोलताना वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. जाणत्या बाईची ही गत, तर सहावी-सातवीतल्या पोराचं काय? आजचा चॅटबॉट तर मराठीत गोड बोलतो आणि रात्री दोनलाही जागा असतो.

सरकारांना आणि कंपन्यांना जाग उशिरा आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीनं ‘रेप्लिका’ या चॅटबॉटला आपल्या नागरिकांची माहिती वापरायला बंदी केली, वापरणाऱ्याचं वय तिथं कुणी तपासतच नव्हतं. ‘कॅरॅक्टर एआय’ या चॅटबॉट कंपनीनं १८ वर्षांखालच्यांच्या मोकळ्या गप्पा थांबवल्या त्या नोव्हेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेतले पालक कोर्टात गेल्यावर. भारताचा २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची खातरजमा केलेली संमती मागतो. रामकुंडावरचाच शिरस्ता हा! या कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीचं कलम लागू व्हायला मे २०२७ उजाडेल.

तोवर घरच्यांनीच लक्ष घालायचं आहे. नाव, शाळा, पत्ता, फोटो चॅटबॉटला द्यायचे नाहीत, हे मुलांना कारणासकट सांगा. अधूनमधून शेजारी बसून त्या गप्पा वाचा. मूल गप्पगप्प राहू लागलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो.