रंग लावायचा कोणी?

मळ्यातून फोंताइन्यासकडे वळलो की माझे पाय अजून एका घरासमोर थांबतात. शाळेतल्या एका मित्राचे ते घर. पिवळ्या भिंती, रस्त्यावर आलेला छोटा सज्जा, मंगळुरी कौले. गेली कित्येक वर्षे दाराला कुलूप आहे. कौले सरकली आहेत, भिंतीवर शेवाळ चढले आहे. पर्यटक तिथेही फोटो काढतात!

गाइड लोक त्यांना सांगतात, हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. तसे नाही. १९८६ साली त्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातील चर्चे आणि मठ. फोंताइन्यासला आधार आहे तो आपल्याच नगर नियोजनाच्या नियमांचा. त्यांत या भागाला संवर्धन क्षेत्र म्हटले आहे.

हा भाग मुळात माडांचे भाट. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिकेरा याने ते लावले असे सांगतात. लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत, कारण त्याने पैसा मोझांबिकात कमावला होता. विजरई १७५९ साली पणजीला राहायला आले. पुढे १८२६ ते १८३५ या काळात दों मान्युएल द पुर्तुगाल ई काश्त्रु याने दलदल बुजवून रस्ते काढले. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली, 'नोव्हा गोवा' झाली. कारकून, अंमलदार, व्यापारी आले आणि भाटात घरे उभी राहिली.

त्या काळच्या एका नियमाची आठवण जुनी माणसे अजून काढतात. पावसाळा संपला की घर रंगवायचे, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवायचा. आपल्याला यात पोर्तुगीजांची हौस दिसते. पण चिऱ्याची भिंत पाऊस पिते, तिला दरवर्षी चुन्याचा हात लागतोच. घरातल्या माणसाला जे करणे भाग होते तेच नियमाने सांगितले. चुना स्वस्त होता, चुन्याचे काम जाणणारा गवंडी हाकेच्या अंतरावर होता. म्हणून तो नियम टिकला.

आताचे नियम दर्शनी भाग बदलू नका म्हणतात. योग्यच आहे. पण घरात राहणाऱ्याची अडचण वेगळीच असते. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुन्या भाडेकरूला सहज काढता येत नाही आणि भाडेही मनासारखे वाढवता येत नाही. त्या भाड्यात छप्पर कसे शाकारणार? दुसरी अडचण वारसाहक्काची. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्या मुलांना समान वाटा आहे. २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानेही तो कायम ठेवला. या कायद्याचा मला अभिमान वाटतो. पण तीन पिढ्यांनंतर एका घराचे मालक लिस्बन, मुंबई, लंडन असे पसरलेले असतात.

माझा मित्र मागे भेटला तेव्हा म्हणाला, "नियम पाळायला मी तयार आहे रे. पण विकायचे तर बारा सह्या लागतात आणि दुरुस्तीचा खर्च मात्र माझ्या एकट्याचा. हॉटेलवाला म्हणतो, सह्या मी आणतो." माझ्याकडे उत्तर नव्हते.

हॉटेलवाल्याने घर घेतले तर भिंत पिवळीच राहील. नियम मोडणार नाही, फोटोही छान येतील. पण सज्जात संध्याकाळी कोणी बसणार नाही, शेजाऱ्याला हाक जाणार नाही.

२००२ साली पणजीची नगरपालिका महापालिका झाली. वारसा आणि घरबांधणीचे नियम तिथे चर्चेला येतात तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. काय करू नये याची यादी जरूर करा. पण जो माणूस घरात राहून ते सांभाळतो त्याला घरपट्टीत सूट द्या, चुना-कौलांच्या कामाला मदत द्या, आणि साध्या डागडुजीसाठी त्याला दहा टेबले फिरवू नका.

घर चुन्याने टिकते हे खरे. पण तो लावणारे माणूस घरात हवे. मित्राच्या दाराचे कुलूप पाहिले की हेच मनात येते.