बारीक कर तो

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घरात एक मोठी खोली आणि पुढे पडवी. पावसाळ्यात सगळे खोलीतच झोपतात. भिंतीला आजी, तिच्या शेजारी मी, मग आई, आणि दाराशी बाबा, कारण त्यांना पहाटेच्या एसटीनं कल्याण गाठायचं असतं. भरतीच्या परीक्षेचा अभ्यास मी रात्री फोनवर करायचो. आजीकडे पाठ करून झोपलं की तिला उजेड लागणार नाही, असा माझा समज होता.

एका रात्री आजी म्हणाली, "बारीक कर ना तो. भिंत हलतेय."

भिंत कशी हलेल? मी उठून पाहिलं. फोनचं तोंड माझ्याकडे, म्हणजे त्याचा उजेड माझ्या खांद्यावरून थेट तिच्या भिंतीवर पडत होता. मी बोट फिरवलं की पान सरकायचं, पांढरं जायचं, काळं यायचं, आणि भिंत लहानमोठी व्हायची. आजी किती रात्री ती हलणारी भिंत बघत पडून राहिली होती, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मी फोनचा उजेड कमी केला. पण डोक्यात राहिला तो तिचा शब्द. फोन 'डिम' कर नाही, 'ब्राइटनेस कमी' कर नाही. बारीक कर. हा शब्द फोनचा नाही, कंदिलाचा आहे. जेवणं झाली, अंथरुणं पडली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "कंदील बारीक कर." विझव नव्हे. रात्री लेकरू उठेल, गाय हंबरेल, कुणाला बाहेर जावं लागेल, म्हणून उजेड राहायला हवा. पण झोपणाऱ्याच्या डोळ्यावर नको. या दोन गरजांमधली जागा म्हणजे 'बारीक'. ती जागा आपल्याकडे कशी आली आणि मधल्या काळात कुठे गेली, ते शोधत गेलो तेव्हा शहापूर-मुरबाडचा एक वेगळाच इतिहास हाती आला.

वातीचं चाक

रॉकेलच्या आधी आपल्याकडे पणती होती. तेल करंजाचं, एरंडाचं, मोहाच्या बियांचं. पणतीची वात काडीनं पुढेमागे सारता येते, पण तिचा भरवसा नाही. वाऱ्याची एक झुळूक आली की संपलं. मग खडकातून निघणारं तेल आलं. 'रॉक ऑइल'चं आपल्या तोंडात 'रॉकेल' झालं. बाटलीच्या किंवा डब्याच्या झाकणाला भोक पाडून वात घातली की चिमणी तयार. चिमणी स्वस्त, पण काजळी फार, आणि तिला लहानमोठं करायची सोय नाही.

ती सोय कंदिलानं आणली. कंदिलाच्या बाजूला एक छोटी चावी असते. ती फिरवली की आतलं दातेरी चाक चपट्या वातीला वर ढकलतं किंवा खाली ओढतं. वात जितकी उघडी, तितकं तेल जळतं, तितकी ज्योत मोठी. काचेमुळे वारा लागत नाही, म्हणून अगदी लहान ज्योतही रात्रभर टिकते. फार खाली नेली तर मात्र ती नीट जळत नाही आणि खोलीभर रॉकेलचा वास सुटतो. म्हणजे 'बारीक'लाही एक तळ होता, आणि तो बोटांना माहीत असायचा.

असे कंदील आधी अमेरिकेतून, जर्मनीतून यायचे. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांनी काचेचा कारखाना काढला. त्या जागेला पुढे ओगलेवाडी म्हणू लागले. स्वदेशीचे दिवस होते. तिथल्या कंदिलाचं नाव 'प्रभाकर', म्हणजे सूर्य. हा सूर्य महाराष्ट्रातल्या गावागावांत खुंटीला लटकला. रोज संध्याकाळी राखेनं त्याची काच पुसणं हे घरातल्या मुलांचं काम असायचं. आजीनंही ते केलंय.

डोक्यावरून गेलेली वीज

आता गंमत बघा. आपल्या भागात वीज कंदिलाच्या मागोमागच आली, पण ती घरात उतरली नाही. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. मग भिवपुरी, मग भिरा. सह्याद्रीवर पडणारा पाऊस तळ्यांत साठवायचा, घाटाखाली सोडायचा आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. १९२९च्या सुमारास ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा वीजघर उभं राहिलं आणि १९३० पर्यंत कल्याणहून आसनगाव, खर्डी, कसारा करत थेट इगतपुरीपर्यंत गाड्या विजेवर धावू लागल्या. शहापूर तालुक्यातल्या रुळांवर विजेची तार आणि रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या झोपडीत चिमणी, हे चित्र कितीतरी वर्षं तसंच होतं.

पाण्याचंही हेच. तानसा धरण १८९२चं. नंतर वैतरणा, नंतर भातसा. शहापूर मुंबईला पाणी पाजतं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात, हे तुम्ही बातम्यांत दरवर्षी वाचता. उजेडाची गोष्ट त्याच वळणाची आहे, फक्त ती बातमीत येत नाही.

या तारांशी आपल्या भागातल्या माणसांचा एकदा समोरासमोर सामना झाला. १९४२च्या चळवळीत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, भूमिगत झाले. कर्जत-मुरबाडच्या तरुणांना घेऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला. या दस्त्याचं मुख्य काम म्हणजे मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणं. युद्धाचे दिवस होते. वीज तुटली की मुंबईतले कारखाने अडायचे. २ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. आजही वर्ष सुरू होताना लोक सिद्धगडला जमतात.

त्याच काळात मुंबईत सरकारच लोकांना दिवे झाकायला लावत होतं. शत्रूच्या विमानाला शहर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांवर झाकण. ब्लॅकआउट हा शब्द तेव्हा मराठीत आला आणि १९६५, १९७१च्या युद्धांत पुन्हा आला. मला यात एक गोष्ट टोचते. शहरात अंधार हा हुकूम होता, काही काळापुरता. आपल्याकडे अंधार हा हुकूम नव्हता, म्हणून तो उठवायचाही कुणी नव्हतं.

कागदावरचा उजेड

स्वातंत्र्यानंतर खांब आले, पण 'गावात वीज आली' म्हणजे काय, हे कोण ठरवणार? १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकृत. एका विहिरीवर पंप चालला तरी पुरे. १९९७ मध्ये वीज वस्तीत पोचायला हवी अशी अट आली. २००४ मध्ये किमान १० टक्के घरांत वीज हवी, शाळेसारख्या सार्वजनिक जागांची सोय हवी, अशी भर पडली. म्हणजे तेव्हाही १०० पैकी ९० घरं अंधारात असूनही गाव कागदावर उजळलेलं असू शकत होतं. ती ९० घरं बहुतेक वेळा गावठाणाबाहेरची: कातकरी, ठाकूर, वारली यांचे पाडे. घराघरांत जोडणी द्यायची सौभाग्य योजना २०१७ची आहे. तोवर तुमच्याआमच्या हातात फोन आला होता.

ज्या घरांत वीज आली, तिथे 'बारीक' काही दिवस टिकलं. बटण दाबलं की बल्ब लागतो नाहीतर जातो. चावी नाही, मधली जागा नाही. ती उणीव 'झिरोच्या बल्ब'नं भरून काढली. निळा, हिरवा किंवा लाल, देव्हाऱ्यापाशी रात्रभर जळणारा. नाव झिरो, पण तो १० ते १५ वॉट खायचा. जुन्या मीटरला एवढा बारीक वापर नोंदवता यायचा नाही, म्हणून लोकांच्या लेखी शून्य. मग भारनियमनाची वर्षं आली आणि प्रभाकर पुन्हा खुंटीवर चढला. रेशनवर मिळणारं निळं रॉकेल त्याच्या पोटात. मी पहिलीचा अभ्यास त्याच उजेडात केलाय. दहा वाजले की आजी उठायची आणि चावी फिरवायची. मला विचारायची नाही.

हातातला कंदील

आता फोनकडे येऊ. पडद्याचा उजेड 'निट'मध्ये मोजतात. एक निट म्हणजे एक चौरस मीटरमागे एक कँडेला, आणि कँडेला हे माप मेणबत्तीवरून आलंय. १८६०च्या ब्रिटिश कायद्यात स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणाची, ठरावीक वजनाची मेणबत्ती हे उजेडाचं प्रमाण होतं. व्याख्या आज वेगळी आहे, पण एक कँडेला अजूनही साधारण एका मेणबत्तीएवढाच.

मग हिशोब सोपा. साडेसहा इंची फोनचा पडदा साधारण १०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग. त्याचा उजेड ५०० निटवर असेल आणि पान पांढरं असेल, तर समोर पाच मेणबत्त्या पेटल्या. मध्यम कंदील पूर्ण वातीवर सहा-सात मेणबत्त्यांचा. म्हणजे मी आजीच्या शेजारी जवळपास एक अख्खा कंदील, वात वर काढून, घेऊन झोपत होतो. तोच फोन २ निटवर आणला तर उजेड एका मेणबत्तीच्या पन्नासाव्या भागाएवढा. कंदिलाला इतकं बारीक कधीच होता आलं नसतं.

एक फरक मात्र आहे. ज्योत पिवळी असते. फोनचा पांढरा उजेड निळ्या एलईडीच्या जोरावर उभा आहे. तो दिवा शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. आणि २००२च्या आसपास शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आपल्या डोळ्यात काही पेशी अशा आहेत, ज्या मुख्यतः दिवस की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात निळ्या उजेडानं. मेंदूला वाटतं दिवस आहे, आणि झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. म्हणून २००९ मध्ये संगणकाचा पडदा रात्री पिवळसर करणारं 'एफ-लक्स' आलं, २०१६ मध्ये आयफोनवर 'नाइट शिफ्ट' आलं, अँड्रॉइडवर 'नाइट लाइट' आलं.

पण नुसतं पिवळं करून भागत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण मुलांवर पाहणी केली, तेव्हा नाइट शिफ्ट चालू ठेवून फोन वापरणाऱ्यांच्या आणि बंद ठेवून वापरणाऱ्यांच्या झोपेत फरक दिसला नाही. उजेड किती आहे आणि त्यात आपण काय बघतोय, हे रंगाइतकंच महत्त्वाचं. आजीला भिंत हलताना दिसत होती, ती पिवळी झाली असती तरी हललीच असती.

तेव्हा मी काय केलं ते सांगतो. आपोआप उजेड ठरवणारी सोय रात्री बंद केली. पट्टी खाली ओढली. अँड्रॉइड १२ पासून 'एक्स्ट्रा डिम' आहे. पट्टी संपते त्याच्याही खाली ते जातं. ते पडद्यावरच्या चित्राचेच रंग गडद करतं. आयफोनवर त्यासाठी 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' आहे. पान काळं, अक्षरं फिकी ठेवली. ओलेड पडद्यात काळा भाग म्हणजे विझलेला भाग. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, तिथे फायदा कमी. काही ओलेड पडदे उजेड कमी करताना सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. त्यानं कुणाचे डोळे दुखतात. तसं होत असेल तर पट्टी थोडी वर ठेवून एक्स्ट्रा डिम लावून बघा. आणि पान सरकवत राहण्यापेक्षा नोट्सचं एकच पान उघडून वाचत राहिलो. भिंत हलायची थांबली.

कूस बदलून पाहिली होती आधी. आजीकडे तोंड केलं तर उजेड आईवरून दाराकडे जायचा, आणि तिथे पहाटे उठणारे बाबा. एका खोलीत उजेडाला पाठवायला रिकामी दिशा नसते. कंदिलाला चावी का होती, हे मला तेव्हा कळलं. उजेड एकाचा आणि रात्र चौघांची, म्हणून.

प्रभाकर आता पडवीत लटकतोय, रॉकेलविना. परवा रात्री वीज गेली. मी फोनची बॅटरी लावून पाणी आणलं, दार लावलं, अंथरुणावर आलो. अंधारातून आवाज आला, "केलास का बारीक?"

"केला, आजी."

ती कुशीवर वळली. मी अजून दोन पानं वाचली आणि फोन उपडा ठेवला.