शिलालेख वाचत हिंडणारा पोलेमॉन

गावाचा इतिहास लिहायचा तर आधी तिथले कोरीव लेख वाचायचे, हा आज साधा शिरस्ता वाटतो. हेरोडोटस आणि थ्युसिडिडीस यांनीही असे लेख उतरवून घेतले, पण आपल्या हकिगतीत लागले तेवढेच. लेख, देवाला वाहिलेल्या वस्तू, देवळांतली चित्रं हाच ज्यांचा मुख्य विषय, अशा ग्रीक लेखकांत सर्वांत नावाजलेला म्हणजे इलियमचा पोलेमॉन. त्याचा काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा आरंभ. अथेन्सच्या एकट्या अक्रोपोलिसवरच्या अर्पणवस्तूंवर त्याने चार पुस्तकं लिहिली, असं स्ट्रॅबो सांगतो. गावोगावच्या पद्यलेखांवरही त्याचं पुस्तक होतं. लोक त्याला ‘स्टेलोकोपास’ म्हणत, म्हणजे शिळा ठोकत हिंडणारा. त्यात थट्टा असेलही, मला मात्र ती पदवी वाटते.

यातलं एकही पुस्तक आज उरलेलं नाही. उरले ते दुसऱ्यांनी घेतलेले उतारे, आणि तेही कसे! ऑलिंपियाच्या एका वास्तूत, मेटापोंटमवासीयांच्या कोषागारात, काय होतं याची त्याची यादी मिळते: १३२ चांदीच्या वाट्या, चांदीच्या दोन सुरया, सोन्याचा मुलामा दिलेल्या तीन वाट्या. पुढे बायझँटियमच्या कोषागारात सुरूच्या लाकडाचा ट्रायटन, हाती चांदीचा पेला घेतलेला. अथेनेयस हा ग्रीक लेखक पेल्यांची नावं गोळा करत होता, म्हणून ही यादी वाचली.

दुसरा उतारा मला याहून मोलाचा वाटतो. डेल्फीच्या कोषागारांवरच्या पोलेमॉनच्या पुस्तकाचा हवाला देऊन प्लुटार्क सांगतो की, सिक्यॉनच्या कोषागारात एक सोन्याचं पुस्तक होतं. ते वाहिलं होतं एरिथ्राईच्या अ‍ॅरिस्टोमाखीने. इस्थमियाच्या स्पर्धेत महाकाव्यासाठी ती दोनदा जिंकली होती. तिच्या काव्याची एकही ओळ आपल्याकडे नाही. पोलेमॉनने त्या वस्तूची नोंद केली नसती, तर ही कवयित्री होऊन गेली हेही कळलं नसतं. इथे प्लुटार्क त्याला बहुश्रुत आणि सदा सावध म्हणतो, ते उगीच नाही.

डेल्फीनेही इ.स.पू. १७७-७६च्या सुमारास त्याला आपला सन्मान्य प्रतिनिधी केलं. त्या मानकऱ्यांच्या कोरीव यादीत त्याचं नाव आहे.

पुढे प्रवासवर्णनकार पॉसेनियसची ग्रीसवरची दहाही पुस्तकं टिकली आणि पोलेमॉन मागे पडला. त्याचे विखुरलेले उतारे लुडविग प्रेलरने १८३८ मध्ये एकत्र छापले. पॉसेनियस वाचणाऱ्यांनी अथेनेयसचं अकरावं पुस्तकही उघडावं. पोलेमॉनची ऑलिंपियातली यादी तिथे आहे.