दंतवैद्यक विद्यार्थी आणि संसर्गप्रतिबंध

रुग्णावर उपचार शिकत असताना रक्त, लाळ आणि तुषार यांतून दंतवैद्यक विद्यार्थ्याला जडू शकणारे रोग व ते टाळण्याच्या रीती. भारतात बी.डी.एस.चा विद्यार्थी साधारणपणे तिसऱ्या वर्षी रुग्णाच्या तोंडात हत्यार घालू लागतो. हात अजून बसलेला नसतो, जागा अरुंद असते आणि रुग्ण केव्हा मान हलवेल याचा नेम नसतो. सुई, दात तपासण्याचा एक्सप्लोरर, दात साफ करण्याचा स्केलर हाताला लागतात ते अशाच वेळी. एअरोटरमध्ये (दात कोरण्याच्या यंत्रात) तसाच राहिलेला बर, म्हणजे त्याचे कोरणारे टोक, जाता-येता हाताला ओरखडा काढतो. एअरोटर आणि अल्ट्रासॉनिक स्केलरचे तुषार मास्क, चष्मा, रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबरी पडदा) व जोरकस सक्शन यांनी बरेच रोखता येतात. टोचणे मात्र सवयीनेच टळते. एकाच रुग्णाला पुन्हा भूल द्यावी लागत असल्याने दंतोपचारात सुईला टोपण परत घालावे लागते. ते दुसऱ्या हातात न धरता ट्रेमध्ये ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यावे. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते.

बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची सुमारे १.८ टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची मात्र ६ ते ३० टक्के. म्हणजे सर्वांत मोठा धोका नेमका लशीने टळणारा आहे. लशीच्या ०, १ व ६ महिन्यांच्या तीन मात्रा विद्यार्थ्याने पहिला रुग्ण हाती घेण्याआधीच पूर्ण कराव्यात. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची चाचणीही करावी. ती राहून गेली, तर लस लागू पडली की नाही हे कळत नाही.

हे सारे पाठ्यपुस्तकात असते आणि परीक्षेत लिहिलेही जाते. तरी टोचल्यावर विद्यार्थी अनेकदा गप्प राहतो : सर रागावतील, नेमून दिलेल्या रुग्णांचा कोटा अपुरा राहील, रुग्णासमोर लाज जाईल. या गप्प बसण्यातच बहुमोल वेळ जातो. टोचलेली जागा दाबू नये, बोट तोंडात घालू नये; साबण-पाण्याने धुऊन लगेच शिक्षकांना सांगावे आणि रुग्णाच्या संमतीने त्याच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.