वैमानिकाची नोकरी: दोन ऑफर लेटर आणि एक जुना बॉण्ड

मागच्या महिन्यात मेहकर तालुक्यातल्या एका गावातला पोरगा दोन कागद घेऊन घरी आला. वडील जिल्हा परिषदेतून शिपाई म्हणून निवृत्त, आई अंगणवाडीत मदतनीस. पोराकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे आणि डोक्यावर घर व दीड एकर गहाण टाकून काढलेलं कर्ज. परवाना हातात येऊन दोन वर्षं घरीच बसला होता. आता एकाच आठवड्यात दोन विमान कंपन्यांनी बोलावलं. पहिली मोठी कंपनी. पगार कमी, टाइप रेटिंगचा खर्च ती करणार, पण पाच वर्षांचा बॉण्ड. दुसरी नवी. पगार जवळपास दीडपट, बॉण्ड नाही, मात्र टाइप रेटिंग स्वतःच्या खिशातून.

वडील सरळ म्हणाले, "सर, पैसे जास्त जो देते तेच घ्याव ना?"

मी समाजशास्त्राचा माणूस, विमानात दोनदाच बसलेला. पण हा प्रश्न एकट्या त्या घराचा नाही, म्हणून त्याचा इतिहास वाचून काढला. जे समजलं ते इथे मांडतो.

बॉण्ड हा शब्द आपल्याला नवा नाही. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला होता: परदेशात शिकायचं आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. कागदावर नोकरी उत्तम होती. प्रत्यक्षात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. नोकरी पगारावर अडली नाही, पत्त्यावर अडली. पुढे संस्थानाने शिष्यवृत्तीच्या पैशांची मागणीही केली. म्हणजे बॉण्ड मोडायला भाग पाडणारा समाज वेगळा आणि बॉण्डचा पैसा मागितला जातो तो आपल्याकडे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरी मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला आणि साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत व नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. आपल्या व्यासपीठांवर ही गोष्ट त्याग म्हणून सांगतात. मला त्यात हिशोबही दिसतो. नोकरी कोणीही काढून घेऊ शकतं हे बडोद्याने शिकवलं होतं. पदवी आणि बॅरिस्टरची सनद कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. त्यांनी ४५० रुपये सोडून ते मिळवलं जे नोकरी गेल्यावरही हातात राहतं.

वैमानिकाच्या हातात असं काय राहतं? लॉगबुकातले तास आणि परवान्यावरची टाइप रेटिंगची नोंद. बाकी सगळं कंपनीचं. गणवेश, ज्येष्ठता, बेस, सगळं.

आता आपल्या देशातल्या विमान कंपन्यांचा इतिहास या नजरेने पाहा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, तिथून ही कहाणी सुरू होते. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. पुढची चाळीस वर्षं देशात वैमानिकाला ऑफर निवडायचा प्रश्न फारसा पडलाच नाही, कारण मालक सरकार होतं. नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या आणि जास्त पगाराचं आमिष दाखवून त्यांनी सरकारी कंपनीतले तयार वैमानिक उचलले. प्रशिक्षणाचा खर्च जनतेचा, माणूस खासगीचा. त्यातल्या ईस्ट-वेस्ट आणि मोदीलुफ्त १९९६ मध्येच बंद पडल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला, कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे पगार थकले होते. १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला.

जेट जवळपास २६ वर्षांची होती आणि गो फर्स्ट १७ वर्षांहून जुनी. म्हणून "जुनी म्हणजे पक्की" हेही खरं नाही, हे मी त्या पोराला पहिल्यांदा सांगितलं. कंपनी किती वर्षांची ते विचारू नको. तिची किती विमानं उडतात आणि किती इंजिनाअभावी जमिनीवर उभी आहेत, ते विचार. गो फर्स्ट बुडण्याआधी तिची जवळपास निम्मी विमानं उभीच होती. उभ्या विमानावर तास मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट हमीच्या तासांची. वैमानिकाचा पगार बऱ्याचदा दोन तुकड्यांत असतो: ठरावीक तासांची हमी आणि त्यावर उडालेल्या तासांचा भत्ता. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराचे वैमानिक अस्वस्थ झाले आणि उड्डाणं रद्द करावी लागली, त्याचं मुख्य कारण हेच होतं. नव्या करारात हमी ७० तासांवरून ४० वर आली होती. ऑफर लेटरवरचा मोठा आकडा किती तासांचा, हे न विचारता कोणता कागद मोठा ते ठरवता येत नाही. पोराच्या दीडपट पगाराच्या कागदावर हमीचे तास लिहिलेलेच नव्हते.

तिसरी गोष्ट, निघण्याची. २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस. २०२३ मध्ये अकासाचे ४३ वैमानिक नोटीस न देता गेले तेव्हा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कंपनी बुडाली तर मात्र वैमानिकाला कोणी सहा महिने आधी सांगत नाही.

इथे कोणीतरी म्हणेल, हे सगळ्याच वैमानिकांना लागू आहे, यात आंबेडकरी काय? सांगतो. एअर इंडियाच्या वैमानिक भरतीच्या जाहिरातीत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी असे रकाने असायचे. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे गेली आणि ते रकाने संपले. शेतकऱ्याच्या, शिपायाच्या पोरासाठी एक तिसरं ऑफर लेटर होतं, ते त्या दिवशी टपालातून काढून टाकलं गेलं. आपल्याकडे त्यावर किती मोर्चे निघाले? मला तर बुलढाण्यात एकही आठवत नाही, आणि मी स्वतःही काढला नाही. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उडालं तेव्हा आपल्या पोरांनी स्टेटस ठेवले. ते विमान अलायन्स एअरचं होतं, सरकारच्या हातात उरलेल्या एकमेव विमान कंपनीचं. हे स्टेटसमध्ये कोणी लिहिलं नाही.

खासगीत फक्त गुणवत्ता चालते, असं सांगणाऱ्यांनी प्रेम माथूर यांचं नाव वाचावं. १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवलेल्या या बाईंना आठ कंपन्यांनी नकार दिला, मग हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. परवाना तोच, तास तेच. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, हे कारण. गुणवत्ता मोजणारा माणूस आधी माणूस पाहतो.

आणि ऑफरपर्यंत पोचण्याची चाळणीच पैशाची आहे. परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं, खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा वर जातो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या टॉप क्लास योजनेत खासगी फ्लाइंग क्लबसाठी मर्यादा ठरली होती वर्षाला ३ लाख ७२ हजार. उरलेलं कुठून आणायचं? दीड एकरातून. म्हणूनच ज्याच्या बापाची मुंबईत तीन घरं आहेत त्याने नव्या कंपनीचा जुगार खेळावा, बुडाली तर वर्षभर थांबेल. आपल्या पोराला एक हप्ता चुकला तर बँकेची नोटीस मेहकरच्या घरी येते. एकच ऑफर दोघांसाठी एक नसते.

आम्ही दोन्ही कंपन्यांना एकच मेल पाठवला. प्रश्न चार: हमीचे तास किती, पहिल्या वर्षात साधारण किती उड्डाण मिळेल, बॉण्डची रक्कम दरवर्षी कमी होते की पाचव्या वर्षापर्यंत तेवढीच राहते, आणि बेस कुठे. मोठ्या कंपनीचं उत्तर तीन दिवसांत आलं, बॉण्ड दरवर्षी उतरतो असं लेखी. नव्या कंपनीकडून फोन आला, "आधी जॉइन करा, मग बोलू." फोनवरचं बोलणं कागदावर मागितलं, ते आलं नाही.

पोराने पहिला कागद घेतला. वडील दोन दिवस नाराज होते. दीडपट पगार सोडणं सोपं नाही, त्यांना मी दोष देत नाही. बॉण्डवर सही करण्याआधी आम्ही तो चिखलीच्या एका वकील मैत्रिणीकडून ओळ न ओळ वाचून घेतला. तिने दोन कलमांवर खूण केली, एक कंपनीने बदललं, एक नाही.

बेस दिल्ली आहे. परवा त्याचा फोन आला, ट्रेनिंगचं काही बोललाच नाही. "दादा, तीन ठिकाणी खोली पाहिली. आडनाव विचारतात, मग म्हणतात कालच दिली. तिकडे आपलं कोणी आहे का?" मी त्याला एका विहाराजवळ राहणाऱ्या मित्राचा नंबर दिला.