जोगेश्वरीत कोण, कधी, कशामुळे

अमेरिकेत दोनशे-तीनशे वस्तीच्या खेड्याचाही वंशवार तक्ता जनगणनेच्या पानांत सापडतो: गोरे किती, काळे किती, आशियाई किती. तक्ता नेमका वाटतो, पण त्याचे रकाने सरकारने आखलेले असतात. 1970 च्या मोजणीत तिथले भारतीय गोऱ्यांमध्ये धरले गेले. त्यांच्या संघटनांनी मागणी लावून धरली तेव्हा 1980 साली ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना निघाला. म्हणून असा तक्ता वाचताना आकड्यांच्या आधी रकान्यांचा इतिहास पाहावा लागतो.

मुंबईच्या उपनगरातल्या जोगेश्वरीचा तर असा तक्ताच नाही. तिचा पूर्व भाग महापालिकेच्या के-पूर्व वॉर्डात जातो, पश्चिम भाग के-पश्चिममध्ये, आणि दोन्हीकडे ती अंधेरीत मिसळून मोजली जाते. जनगणनेत सगळ्या जातींचे आकडे 1931 नंतर आपल्याकडे छापलेच गेले नाहीत. त्यामुळे इथे कोण राहतं आणि का राहतं, हे जमिनीच्या कागदांवरून, सोसायट्यांच्या नियमांवरून आणि चौकशी आयोगाच्या अहवालावरून शोधावं लागतं. तसं शोधत गेलं की एक गोष्ट वारंवार समोर येते. इथला प्रत्येक समाज कुणाच्या तरी निर्णयामुळे इथे आला आहे किंवा इथून हलला आहे. जोगेश्वरी आपोआप अशी झालेली नाही.

सुरुवात अर्थात जोगेश्वरीच्या गुंफेपासून. सहाव्या शतकात पाशुपत शैवांनी खोदलेली ही लेणी आज चारी बाजूंनी घरांनी वेढलेली आहेत आणि आत देवीची पूजा चालते. लेणी खोदणारे गेले. पूर्वेच्या जंगलाकडेची वारली, कोकणा आणि मल्हार कोळी माणसं मात्र पाड्यांवर राहिली. 1949 साली आरे दूध वसाहतीसाठी सरकारने सुमारे 3,160 एकर जमीन घेतली, ती शहरातल्या म्हशी बाहेर नेण्यासाठी. पाडे त्या जमिनीच्या आत आले आणि पिढ्यान् पिढ्या तिथे कसणारे लोक कागदोपत्री सरकारी जागेवरचे रहिवासी झाले. पुढे मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातली कुटुंबं उठवून इमारतीत पाठवली गेली. ज्यांचं इथलं वास्तव्य सर्वांत जुनं, त्यांचाच हक्क सर्वांत कच्चा, हे मला या साऱ्या मागोव्यात सर्वांत जास्त खुपतं.

दुसरा थर पोर्तुगीजांचा. 1534 च्या तहाने वसई आणि साष्टी त्यांच्याकडे गेली आणि मोगरा, माजास, बांदिवली, ओशिवरा, अंबोली या गावांच्या पट्ट्यात ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या. धर्म बदलला, पण मराठीची बोली राहिली, शेती राहिली, जातींची जाणही बराच काळ राहिली. 1739 मध्ये मराठे आले, 1774 मध्ये इंग्रज. इंग्रजी अमलात गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत नोकऱ्यांसाठी येऊ लागले, तेव्हा इथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांनी आपली वेगळी ओळख सांगायची ठरवली. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे आम्ही इथले, हा त्यामागचा दावा होता आणि नोकऱ्यांत अग्रहक्क हवा होता. अमेरिकेतल्या भारतीयांच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी अंबोली-बांदिवलीच्या माणसांनी आपला रकाना असा स्वतःच आखून घेतला होता.

रेल्वेनंतर उपनगरं वाढू लागली तेव्हा वस्ती ठरवणारं एक नवं साधन आलं: सहकारी गृहसंस्था. 1915 साली गावदेवीत सारस्वतांनी आपली संस्था काढली. तोच विचार पुढे रेल्वेबरोबर उत्तरेला सरकला. जोगेश्वरीची सारस्वत बाग ही त्याच काळातली कॉलनी. पु. ल. देशपांडे यांचं अगदी लहानपण तिथे गेलं. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब पार्ल्याला गेलं. स्वच्छ हवा, विहीर, झाडं आणि शेजारी आपल्यातलेच, अशी ही मध्यमवर्गाची स्वप्नं होती. त्यात कुणाबद्दल द्वेष नव्हता, हे खरं. तरीही सभासद कुणाला करायचं हे जातीवरून ठरवता येतं, हा पायंडा तिथे पडला आणि तो कायद्याने टिकला. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली निकाल दिला की संस्था आपल्या समाजापुरतं सभासदत्व ठेवू शकते. उपनगरात एखाद्या कुटुंबाला फ्लॅट का मिळत नाही, याचं उत्तर शोधताना हा निकाल विसरता येत नाही.

त्याच सुमाराला जोगेश्वरीच्या टेकडीवर अगदी वेगळी गोष्ट घडली. सर महंमद युसुफ यांनी मुस्लिमांच्या शिक्षणासाठी 1914 साली 8 लाख रुपये दिले होते. त्या पैशातून 1930 मध्ये इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झालं, आणि ते सर्वांसाठी. मॅट्रिकनंतर पु. ल. त्याच कॉलेजात शिकायला आले. एका समाजाच्या कॉलनीत वाढलेला मुलगा दुसऱ्या समाजातल्या दात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कॉलेजात शिकतो, ही तेव्हाची जोगेश्वरी. हा योगायोग मला मोलाचा वाटतो, कारण दोन्ही गोष्टी माणसांनी ठरवून केल्या होत्या. एक आपल्यापुरती होती, दुसरी सर्वांसाठी.

1950 साली मुंबई महापालिकेची हद्द पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरीपर्यंत आणली गेली. 1957 मध्ये ती दहिसरला पोचली. मधली सात वर्षं जोगेश्वरी हे शहराचं शेवटचं टोक होतं. टोकावर जागा स्वस्त असते आणि शहराला नको असलेलं तिथे ढकललं जातं. ओशिवऱ्याच्या बाजूला म्हशींचे तबेले होते आणि त्यांच्याबरोबर उत्तर प्रदेशातले दूधवाले. 1951 च्या साष्टी इस्टेट कायद्याने जुन्या जमीनदारांच्या महसूलमाफीवर गदा आणली. जमिनी भाडेपट्ट्याने सुटत गेल्या, त्यांवर चाळी उठल्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचा चाकरमानी आला तो अशा चाळींत. एक जण आधी यायचा, खोली घ्यायचा, मग भाऊ, मेहुणा, गावातला पोरगा. गावकीची मंडळं खोल्यांवरूनच चालत. उत्तरेकडचे मोमीन कारागीर, गुजराती दुकानदार, मराठवाड्यातून दुष्काळात आलेली बौद्ध कुटुंबं याच काळात आणि याच रीतीने स्थिरावली. जोगेश्वरीची दोन दहीहंडी पथकं, जय जवान आणि कोकण नगर, आज सगळीकडे ओळखली जातात. 16 ऑगस्ट 2025 रोजी कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर रचले. पथकाचं नावच सांगतं की ही वस्ती कुठल्या गाडीने आली.

सरकारने या माणसांची मोजणी केली ती जानेवारी 1976 मध्ये, झोपड्यांची. त्यातून फोटोपास मिळाले. जोगेश्वरीत अनेक घरांत तो पास आजही रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत जपून ठेवलेला असतो, कारण पुनर्विकासात घर मिळायचं तर जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्या पासासाठी जात किंवा धर्म लागत नव्हता. ‘तू इथे होतास का’ हाच मुख्य प्रश्न होता.

मग जानेवारी 1993 ची दंगल. राधाबाई चाळ म्हणून ओळखल्या गेलेल्या चाळीत 8 जानेवारीला मध्यरात्रीनंतर आग लावण्यात आली आणि सहा माणसं जळून गेली, त्यांत पाच स्त्रिया. या घटनेनंतर शहरभर हिंसा आणखी भडकली. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मिळून मुंबईतले मृत 900 सांगितले: 575 मुस्लिम, 275 हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. जोगेश्वरीत दोन्हीकडची माणसं मेली आणि त्यानंतर दोन्हीकडची माणसं हलली. कित्येक हिंदू कुटुंबांनी मिश्र चाळींतल्या खोल्या विकल्या. मुस्लिम कुटुंबं प्रेमनगरकडे, पश्चिमेला ओशिवऱ्याकडे, थेट मुंब्र्यापर्यंत गेली. खोल्या मिळेल त्या भावाने गेल्या. सोसायटीच्या नियमाने, जमीनदारीने, सरकारी संपादनाने जे चारशे वर्षांत झालं नव्हतं ते काही महिन्यांत झालं: गल्लीच्या एका बाजूला एक धर्म, दुसऱ्या बाजूला दुसरा. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती त्याच विभागणीवर उभ्या राहिल्या आणि जे भीतीने घडलं होतं ते सिमेंटमध्ये पक्कं झालं.

पुढच्या जनगणनेत, म्हणजे 2027 मध्ये, प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे. ती विचारली जावी, असं मला मनापासून वाटतं. आकडे असले की हक्क मागणाऱ्यांना नाही म्हणणं कठीण जाईल. पण जनगणनेत 1981 पासून स्थलांतराचं कारणही विचारलं जातं, तिकडे कुणाचं लक्ष नाही. 2011 च्या अर्जात पर्याय होते: काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलणं, कुटुंबासोबत हलणं आणि इतर. 1993 मध्ये जोगेश्वरीहून मुंब्र्याला गेलेलं कुटुंब यांतल्या ‘इतर’मध्ये पडतं. आणि जे पूर्वेकडून रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेलं, किंवा चाळ सोडून पलीकडच्या नगरात गेलं, त्याने जनगणनेच्या लेखी स्थलांतर केलंच नाही, कारण गाव बदललं तरच स्थलांतर धरलं जातं. त्या अर्जात दंगलीसाठी एक रकाना आणि शहराच्या आतल्या हलण्यासाठी एक ओळ घालणं अवघड नाही. अर्ज पक्का होण्याआधी हे मागायला हवं.