सोन्याआधी पाणी

इटलीतल्या तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात पपायरसवर काढलेला एक नकाशा आहे. तो इ.स.पू. ११५० च्या सुमाराचा, चौथ्या रामेसिसच्या काळातला. नाईल नदी आणि तांबडा समुद्र यांच्यामधल्या पूर्व वाळवंटातला वादी हम्मामातचा मुलूख त्यात रंगवला आहे. डोंगर गुलाबी, त्यांवर सोन्याचे डोंगर अशी नोंद. जवळच सोनं काढणाऱ्यांची घरं, आमोन देवाचं ठाणं आणि एक विहीर. खडकांचे प्रकार वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा याहून जुना नकाशा आजवर सापडलेला नाही. त्यातली सगळ्यांत मोलाची खूण मला विहिरीची वाटते.

ही जागा आजच्या बीर उम्म फवाखीरजवळची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 'बीर' म्हणजेच विहीर. इथला ग्रॅनाइट गुलाबी आहे आणि त्यातल्या गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं आहे. त्याच ग्रॅनाइटच्या बारीक भेगांमधून पाणी झिरपत जातं, पश्चिमेच्या घट्ट खडकाशी अडतं, आणि तिथे विहीर खणली की लागतं. सोनं आणि पाणी एकाच दगडाने द्यावं, हे भाग्य या वाळवंटातल्या फार थोड्या खाणींना लाभलं.

इतरांचं काय होत होतं, ते दुसऱ्या रामेसिसच्या कुबानच्या शिलालेखात कोरलेलं आहे. दक्षिणेकडच्या अकुयाती प्रदेशात सोनं भरपूर होतं, पण तिकडे निघालेल्या सोनं धुणाऱ्यांपैकी, म्हणजे तिथल्या झारेकऱ्यांपैकी, निम्मेच पोचत. उरलेले गाढवांसकट वाटेतच तहानेने मरत. आधीच्या राजाने, सेतीने, तिथे १२० हात खोल विहीर खणवली होती. पाणी लागलं नाही. रामेसिसच्या माणसांना मात्र १२ हातांवर लागलं, असं लेख सांगतो. राजस्तुतीसाठी लिहिलेल्या लेखातले आकडे थोडे सावधपणेच घ्यावेत. पण माणसं तहानेने मरत होती, हे राजदरबारालाही दगडात कोरून ठेवावं लागलं, यावर माझा पूर्ण विश्वास बसतो. सेतीने एदफूच्या पूर्वेला कनाईस इथे खणवलेल्या विहिरीला पाणी लागलं होतं. त्याने तिच्याशेजारी डोंगरात देऊळ कोरवलं आणि निर्जल वाटेने जाणाऱ्यांच्या हालांची आठवण त्याच्या भिंतींवर लिहवून घेतली.

पुढे इजिप्तवर टॉलेमी घराण्याचं राज्य आलं. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या अगाथार्किडीस या ग्रीक लेखकाने तेव्हाच्या खाणींचं केलेलं वर्णन डायोडोरसच्या ग्रंथामुळे टिकलं. ते वाचताना जीव गुदमरतो. गुन्हेगार, युद्धकैदी, कधी त्यांचं सगळं कुटुंब खाणीत धाडलं जाई. आग लावून कडा तापवायचा, ठिसूळ झाला की लोखंडी अवजारांनी फोडायचा. कपाळाला दिवे बांधलेली माणसं आत खणत. पोरं अरुंद भुयारांत शिरून तुकडे बाहेर आणत. मोठी माणसं ते उखळात कुटत, बायका आणि म्हातारे दळत. मग ती पूड उतरत्या फळीवर पाण्याने धुवायची: माती वाहून जाई, सोनं जड म्हणून मागे राही. आजारी पडलं तरी सुटका नव्हती. हे वर्णन अतिरंजित असेल, अशी शंका घेतली जाई. अलीकडे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना घोझा इथल्या टॉलेमीकालीन खाणीच्या वस्तीत पायांत घालायच्या लोखंडी बेड्या सापडल्या. त्याच वस्तीतल्या खापरांवरच्या नोंदींवरून काही कामगारांना मजुरी मिळत होती, असंही दिसतं. म्हणजे मजूर आणि बेडीतला माणूस शेजारीशेजारी राबत होते.

रोमन काळात फवाखीरवरून जाणारा रस्ता व्यापाराचाही होता. तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोसला हिंदुस्थानाहून येणारी जहाजं लागत आणि माल उंटांवरून नाईलकाठच्या कोप्टोसला जाई. पैठण आणि तेरचा माल भडोचच्या बंदरातून या व्यापारात उतरत असे. त्यातला काही याच विहिरींपाशी थांबला असणार.

पाचव्या-सहाव्या शतकात, बायझंटाइन अमलात, फवाखीर पुन्हा गजबजलं. हे रोमन सैन्याचं ठाणं, असं पूर्वी समजत. १९९० च्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या कॅरोल मायर यांनी पाहणी केली आणि दोनशेहून अधिक इमारतींचं खाणगाव नकाशावर आलं. कोरड्या ओढ्याचं वाळूचं पात्र हाच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना रचीव दगडांची घरं, तटबंदी नाही. हजारेक माणसं राहत असावीत. धान्य येई नाईलकाठाहून, पाणी मात्र गावचंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कंपन्यांनी जुन्या खाणी उघडून पाहिल्या. १९५० च्या दशकात तेही काम थंडावलं. मग मर्सा आलमजवळच्या सुकारीत २००९ मध्ये पुन्हा सोनं निघालं. तिथेही प्राचीन खाणकाम होतंच. आता तिथे अवाढव्य उघडी खाण आहे आणि कारखान्याला लागणारं पाणी तांबड्या समुद्रातून नळाने येतं. २०२४ मध्ये ही खाण अँग्लोगोल्ड अशांती या कंपनीकडे गेली.

नळ पोचत नाही तिथे 'दहाबा' पोचतात. दक्षिण इजिप्त आणि सुदानमधले हे हातखाणवाले धातुशोधक यंत्र घेऊन फिरतात आणि पुष्कळदा जुन्याच खाणींच्या तोंडाशी खणतात. गारगोटी फोडून दळायची, पाण्याने धुवायची, पाऱ्याने सोनं धरायचं. पाणी विकत आणायचं, तेही लांबून.